झिर्कॉनमधील ऑक्सिजन समस्थानिक व शिलारसाचा उगम

झिर्कॉन हे झिर्कोनियमाचे सिलिकेट खनिज आहे. त्याच्या स्फटिकात बंदिस्त झालेल्या ऑक्सिजनाच्या समस्थानिकांचे (अणुक्रमांक तोच परंतु द्रव्यमानांक भिन्न असलेल्या अणूंचे) परस्पर प्रमाण मोजून, ज्या शिलारसातून तो स्फटिक तयार झाला त्या शिलारसाच्या उगमाविषयी अनुमान काढता येते. शिलारस पृथ्वीच्या प्रावरणातून थेट वर आला, की कवचातील जुने खडक वितळून झाला, की दोहोंच्या मिश्रणातून निर्माण झाला, हा अग्निज खडकांच्या अभ्यासातील जुना व वादग्रस्त प्रश्न आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग ज्या दक्षिण ट्रॅपने व्यापला आहे, त्याच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारला गेला.

ऑक्सिजनाचे तीन स्थिर समस्थानिक असून निसर्गात ऑक्सिजन १६ सु. ९९·७६ टक्के, ऑक्सिजन १८ सु. ०·२० टक्के व ऑक्सिजन १७ सु. ०·०४ टक्के आढळतो. ऑक्सिजन १८ व ऑक्सिजन १६ यांचे गुणोत्तर प्रमाणित सागरी पाण्यातील गुणोत्तराशी ताडून पाहतात आणि फरक दर हजारी सांगतात. या फरकाला येथे ऑक्सिजन मूल्य म्हटले आहे. सागरी पाण्याचे मूल्य व्याख्येनेच शून्य होय. पावसाचे पाणी समुद्राच्या वाफेपासून होते व वाफेत हलका समस्थानिक अधिक जातो, म्हणून त्याचे मूल्य सामान्यतः ऋण असते. उलट, पृष्ठभागावरील कमी तापमानात पाण्याच्या क्रियेने खडक कुजून जी माती व जे गाळाचे खडक तयार होतात, त्यांत जड समस्थानिक साठतो आणि मूल्य १० ते ४० पर्यंत जाते. प्रावरणाच्या उच्च तापमानात हा भेद जवळजवळ नाहीसा होतो. तेथील खडकांचे मूल्य ५·५ च्या आसपास स्थिर राहते. त्यामुळे एखाद्या अग्निज खडकाचे मूल्य यापेक्षा बरेच जास्त असेल, तर त्याच्या घटकद्रव्याने कधीतरी भूपृष्ठ पाहिले होते असे मानावे लागते. मूल्य कमी असेल, तर तापलेल्या भूजलाचा संबंध आला असला पाहिजे. तर्क एवढाच आहे. अडचण नेहमी मोजमापाची होती.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील वाशी हे तालुक्याचे ठिकाण बालाघाटच्या पठारी प्रदेशात आहे. तेथील काळी जमीन, तिच्याखालील मुरूम आणि विहिरी खणताना लागणारा कठीण काळा पाषाण ही सर्व एकाच बेसाल्ट खडकाची रूपे होत. लाव्ह्याचे थर एकावर एक जवळजवळ आडवे पसरले असून काही थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा आढळतो. हा लाव्हा सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी लांबलचक भेगांतून बाहेर पडला व फार दूरवर वाहत गेला. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळचे बेसाल्टाचे थरदेखील पश्चिम घाटातील काही थरांशी रासायनिक दृष्ट्या जुळतात. वाशीच्या पायाखालचा लाव्हा कोठल्या भेगेतून आला यापेक्षा तो मुळात कशाचा झाला, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. याचे उत्तर ऑक्सिजनावरून मिळविण्याचा सरळ मार्ग मात्र येथे बंद आहे. ट्रॅपच्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट इ. खनिजे भरलेली असतात. ती थंड झालेल्या खडकात झिरपलेल्या पाण्यापासून तयार झाली. असा खडक सबंध कुटून तपासला, तर हाती येणारे मूल्य काही अंशी शिलारसाचे व काही अंशी नंतरच्या पाण्याचे असते. जे खनिज पाण्याला दाद देत नाही त्याचेच मूल्य विश्वसनीय ठरेल. झिर्कॉन हे असे खनिज आहे, परंतु नेमके तेच बेसाल्टात सहसा नसते.

इतिहास : ऑक्सिजनाचे जड समस्थानिक १९२९ मध्ये डब्ल्यू. एफ. जिओक व एच. एल. जॉन्स्टन यांनी शोधून काढले. जड हायड्रोजनाच्या शोधाबद्दल १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या हॅरल्ड युरी यांनी १९४७ मध्ये समस्थानिकांची वाटणी तापमानावर कशी अवलंबून असते याची गणिते प्रसिद्ध केली आणि प्राचीन समुद्राचे तापमान शिंपल्यांवरून काढता येईल असे सुचविले. शिकागो विद्यापीठातील त्यांच्या प्रयोगशाळेत सॅम्युएल एप्स्टाइन प्रभृतींनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. त्या वेळचे लक्ष्य समुद्र हेच होते, शिलारस नव्हे. कार्बोनेटातून ऑक्सिजन अम्लाच्या साहाय्याने सहज निघतो. सिलिकेटातून तो निघता निघत नाही. एस. आर. सिल्व्हरमन यांनी १९५१ मध्ये फ्ल्युओरिनाच्या विक्रियेने सिलिकेट खडकांतील ऑक्सिजन मोकळा करून मोजला व गाळाच्या आणि अग्निज खडकांतील भेद दाखविला. या कामाला व्यवहार्य रूप आले ते १९६३ मध्ये, रॉबर्ट क्लेटन व तोशिको मायेदा यांनी ब्रोमीन पेंटाफ्ल्युओराइड वापरण्याची पद्धत बसविल्यावर. ही पद्धत पुढे अनेक दशके जगभर वापरात राहिली.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ह्यू टेलर यांनी १९६८ मध्ये अग्निज खडकांच्या ऑक्सिजन मूल्यांचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. त्यानंतर स्कॉटलंडमधील स्काय व मल या बेटांवरील ज्वालामुखी केंद्रांच्या अभ्यासातून त्यांना व आर. डब्ल्यू. फॉरेस्टर यांना असे आढळले, की तेथील खडकांतून पावसाचे पाणी तापून प्रचंड प्रमाणात फिरले होते व त्याने खडकांचे मूळ मूल्य पुसून टाकले होते. हा शोध मोठाच होता. तथापि शिलारसाचा उगम शोधणाऱ्यांच्या दृष्टीने तो एक इशाराही होता. सबंध खडकाची साक्ष संशयास्पद ठरली. मग क्वॉर्ट्झ, गार्नेट यांसारखी एकेक खनिजे वेचून मोजण्याकडे कल वळला.

झिर्कॉनाची कठिनता सु. ७·५ असून ते अम्लांना सहसा दाद देत नाही, अपक्षयाने कुजत नाही व नदीच्या वाळूत कोट्यवधी वर्षे टिकते. केरळ व तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत ते औद्योगिक उपयोगाइतके साठले आहे. त्याच्या स्फटिकात युरेनियम शिरते, परंतु शिसे सहसा शिरत नाही; म्हणून युरेनियमाच्या क्षयाने पुढे झालेल्या शिशावरून स्फटिकाचे वय अचूक काढता येते. वय व उगम या दोन्ही गोष्टी एकाच कणात लिहिलेल्या सापडाव्यात ही सोय दुसऱ्या कोणत्याही सामान्य खनिजात एवढ्या पूर्णतेने नाही. असे असूनही ऑक्सिजनासाठी झिर्कॉनाकडे बराच काळ दुर्लक्ष झाले, याचे कारण त्याचा हाच हट्टी गुण होय. जुन्या पद्धतीत तापविलेल्या निकेलच्या नळीत फ्ल्युओरिनाची विक्रिया करीत आणि झिर्कॉन तिला पुरता बळी पडत नसे. शिवाय नमुना कित्येक मिग्रॅ. लागे. झॅकरी शार्प यांनी १९९० मध्ये लेसर किरणाने खनिज तापवून ही विक्रिया घडविण्याचे तंत्र मांडले. त्यामुळे एकदोन मिग्रॅ. झिर्कॉन पुरेसे होऊ लागले.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जॉन व्हॅली यांनी या तंत्राचा सर्वांत पद्धतशीर उपयोग केला. न्यूयॉर्क राज्यातील ॲडिराँडॅक पर्वताचे खडक एकदा तयार झाल्यावर पुन्हा खोलवर जाऊन अत्यंत उच्च तापमानाला रूपांतरित झाले होते. व्हॅली व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले, की एवढ्या दाहातही तेथील झिर्कॉनांनी मूळ शिलारसाचे ऑक्सिजन मूल्य जपले आहे. यानंतर तुलनेसाठी मापदंड हवा होता. हिरे वर आणणाऱ्या किंबर्लाइट खडकात प्रावरणातून आलेले झिर्कॉनाचे मोठे स्फटिक मिळतात. त्यांवरून १९९८ मध्ये प्रावरणाशी समतोल असलेल्या झिर्कॉनाचे मूल्य ५·३ असून त्यात सु. ०·३ इतकाच फरक पडतो असे ठरले. पुढील बहुतेक सर्व अनुमाने या एका आकड्यावर उभी आहेत.

दरम्यान दुसऱ्या बाजूने आयन शलाकेचे तंत्र विकसित होत होते. कॅनबेरा येथे विल्यम कॉम्पस्टन व सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास तयार केलेल्या यंत्रात, घासून गुळगुळीत केलेल्या झिर्कॉनावर आयनांचा बारीक झोत पाडून सु. २०–३० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिमी.चा हजारावा भाग) व्यासाच्या ठिपक्यातून उडालेले अणू द्रव्यमानानुसार वेगळे करता येत. आरंभी त्याचा उपयोग वय काढण्यापुरता होता. ऑक्सिजन मूल्यातील दर हजारी अर्ध्या भागाचा फरक ओळखण्याइतकी अचूकता मोठ्या आकाराच्या यंत्रांत १९९० नंतरच्या काळात आली. स्फटिकाचा गाभा वेगळा व कडा वेगळी मोजता येऊ लागली हा यातील खरा लाभ. झिर्कॉन झाडाच्या खोडाप्रमाणे वलयावलयांनी वाढतो. सबंध कण विरघळविला म्हणजे सर्व वलयांची सरासरी हाती येते आणि त्यांतील घटनाक्रम हरवतो.

या तंत्राची ख्याती झाली ती पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथील कणांमुळे. तेथील प्राचीन वालुकाश्मसदृश खडकात ४०० कोटी वर्षांहून जुने झिर्कॉन असल्याचे १९८६ मध्ये कॉम्पस्टन व आर. टी. पिजन यांनी सांगितले होते. सायमन वाइल्ड, व्हॅली आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तेथील एका कणाचे वय सु. ४४० कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच अंकात स्टीव्हन मॉयझिस, मार्क हॅरिसन व पिजन यांचाही लेख होता. दोन्ही गटांना काही कणांचे ऑक्सिजन मूल्य प्रावरणाच्या मूल्याहून स्पष्टपणे जास्त आढळले. याचा अर्थ ज्या खडकांपासून तो शिलारस झाला त्यांच्यावर आधीच कमी तापमानात द्रव पाण्याची क्रिया झाली होती. पृथ्वीचा आरंभकाळ अखंड वितळलेल्या खडकांचा होता ही कल्पना त्यामुळे मागे पडली. किरणोत्सर्गाने भंगलेल्या कणांत पाणी नंतरही शिरू शकते, असा आक्षेप यावर घेण्यात आला व तो वाजवी होता. म्हणून आता कणाची अंतर्गत रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अभंग भागच मोजतात.

एकट्या ऑक्सिजनाने सर्व प्रश्न सुटत नाहीत. प्रावरणातून आलेला अग्निज खडक भूपृष्ठाचा स्पर्श न होता पुन्हा वितळला, तर त्याचे मूल्य ५·३ च्या जवळच राहते, मग मधे कितीही काळ गेला असो. हा काळ हाफ्नियमाच्या समस्थानिकांवरून कळतो आणि हाफ्नियम झिर्कॉनात भरपूर असते. ए. आय. एस. केम्प, ख्रिस हॉक्सवर्थ व सहकारी यांनी २००७ मध्ये पूर्व ऑस्ट्रेलियातील ग्रॅनाइटांच्या झिर्कॉनांत दोन्ही मापने एकत्र केली. ज्या ग्रॅनाइटांना केवळ जुन्या अग्निज खडकांपासून झालेले समजत, त्यांत प्रत्यक्षात प्रावरणातील नवा शिलारस व जुना गाळ यांचे मिश्रण होते, असे त्यातून निघाले. हॉक्सवर्थ यांचे नाव महाराष्ट्राच्या भूविज्ञानातही अपरिचित नाही.

दक्षिण ट्रॅपमधील उपयोग : के. जी. कॉक्स व हॉक्सवर्थ यांनी १९८५ मध्ये महाबळेश्वर परिसरातील लाव्हा थरांचा रासायनिक अनुक्रम प्रसिद्ध केला. जॉन माहोनी व इतरांच्या अभ्यासाची जोड मिळून पश्चिम घाटातील ट्रॅपची शैलसमूहांत विभागणी झाली. त्यांचा आधार ऑक्सिजन नसून स्ट्राँशियमाचे समस्थानिक हा होता. आंबेनळी शैलसमूहात स्ट्राँशियम ८७ व स्ट्राँशियम ८६ यांचे गुणोत्तर सु. ०·७०४ असून ते प्रावरणाला साजेसे आहे; बुशे शैलसमूहात ते ०·७१३ च्या वर जाते, म्हणजे त्या लाव्ह्यात कवचातील जुन्या खडकांचे द्रव्य बरेच मिसळले होते. तेव्हा ट्रॅपचा शिलारस मुळात प्रावरणाचा, परंतु वाटेत कमीअधिक ‘भेसळ’ झालेला, असे चित्र उभे राहिले. त्याला ऑक्सिजनाचा दुजोरा झिर्कॉनातून मिळविणे का शक्य झाले नाही, याचे उत्तर ब्रूस वॉटसन व मार्क हॅरिसन यांच्या १९८३ मधील प्रयोगांत आहे. सिलिका कमी असलेल्या तप्त शिलारसात झिर्कोनियम सहज विरघळून राहते. झिर्कॉनाचा स्फटिक सुटण्यास बेसाल्टी शिलारसात दर दशलक्ष भागांत त्याचे हजारो भाग लागतील. ट्रॅपच्या बेसाल्टात ते साधारणपणे शेदोनशे भाग असते. वाशीचा पाषाण कितीही दळला तरी त्यातून शिलारसाबरोबर वाढलेला झिर्कॉन मिळण्याची अपेक्षा म्हणूनच धरता येत नाही.

परंतु ट्रॅप म्हणजे केवळ बेसाल्ट नव्हे. मुंबईच्या उत्तरेस मढ, मनोरी, गोराई, उत्तन या भागांत रायोलाइट व ट्रॅकाइट हे सिलिका अधिक असलेले खडक आहेत. मालाडचा फिकट पिवळसर दगड याच गटातला असून मुंबईतील अनेक जुन्या इमारतींत तो वापरलेला दिसतो. पी. सी. लाइटफूट, हॉक्सवर्थ व मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयाचे एस. एफ. सेठना यांनी १९८७ मध्ये या खडकांविषयी असे मत मांडले, की ट्रॅकाइट हे बेसाल्टी शिलारसातून स्फटिक वेगळे होत जाऊन उरलेल्या रसाचे, तर रायोलाइट हे खोलवर अडकून घट्ट झालेल्या बेसाल्टी खडकाच्या अंशतः पुन्हा वितळण्याने झालेले आहेत. नेमक्या अशाच ठिकाणी ऑक्सिजनाची कसोटी उपयोगी पडते. स्ट्राँशियमाच्या दृष्टीने नवा बेसाल्ट व तोच पुन्हा वितळून झालेला रस सारखेच दिसतात. पण मधल्या काळात त्या बेसाल्टातून तापलेले भूजल फिरले असेल, तर पुन्हा झालेल्या रसातील झिर्कॉनाचे मूल्य ५·३ च्या खाली गेलेले आढळते.

याची उदाहरणे इतरत्र स्पष्ट आहेत. अमेरिकेतील यलोस्टोन येथील रायोलाइटांचे मूल्य कमी असल्याचे १९७० नंतरच्या दशकापासून माहीत होते. इल्या बिंडमन व व्हॅली यांनी २००१ मध्ये तेथील झिर्कॉनांच्या गाभ्याचे मूल्य अधिक व कडांचे कमी असल्याचे दाखविले : खचलेल्या जुन्या ज्वालामुखीचे, उष्णोदकाने बदललेले खडकच पुन्हा वितळून नवा शिलारस झाला होता आणि जुने कण त्यात न विरघळता राहिले होते. राजस्थानातील मालानी येथील सु. ७५ ते ७७ कोटी वर्षांपूर्वीच्या रायोलाइटांतही अशीच कमी मूल्ये आढळली. डब्ल्यू. वांग, पी. ए. कावूड, जयपूरचे एम. के. पंडित व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. दक्षिण चीनमधील समकालीन खडकांतही हीच खूण असल्याने, त्या काळी हे दोन प्रदेश एकमेकांजवळ होते या मताला त्यांनी त्यावरून आधार दिला. शिलारसाचा उगम शोधण्याचे साधन अशा रीतीने प्राचीन खंडांच्या मांडणीपर्यंत जाऊन पोहोचले.

बेसाल्टाच्या प्रदेशात झिर्कॉन मिळण्याची दुसरी जागा म्हणजे थरांमधील तांबडी माती. दोन लाव्हा थरांच्या दरम्यानच्या शांत काळात उघड्या पडलेल्या खडकाची ही माती झाली व वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजून निघाली. तिच्यात दूरच्या स्फोटक ज्वालामुखींची राखही पडत असे. ब्लेअर शोन, गेर्टा केलर, अमरावतीचे एस. एफ. आर. खाद्री व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पश्चिम घाटातील अशा पट्ट्यांतून झिर्कॉन वेचून त्यांची वये काढली. मुख्य उद्रेक क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीपूर्वी सु. अडीच लाख वर्षे सुरू झाले व एकूण सु. साडेसात लाख वर्षे चालू राहिले, असा त्यांचा निष्कर्ष होता. डायनोसॉरांच्या विनाशाशी ट्रॅपचा संबंध किती, या वादात त्यामुळे नवा जोम आला. २०१९ मध्ये याच गटाने उद्रेकाचे चार मोठे आवेग सांगितले, तर कोर्टनी स्प्रेन व सहकाऱ्यांना आर्‌गॉन पद्धतीने तो बराचसा अखंड वाटला. हा मतभेद मिटलेला नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मातीतील झिर्कॉन राखेबरोबर आला असल्यास तो ज्या सिलिकायुक्त शिलारसात वाढला त्याची हकिगत सांगतो, वरखालच्या बेसाल्टाची नव्हे. बेसाल्टाला तो फक्त तारीख देतो. लोकप्रिय लेखनात या दोन गोष्टींची गल्लत वारंवार झालेली दिसते.

तिसरी जागा ट्रॅपच्या तळाशी आहे. कवचातील कोणत्या खडकाची भेसळ लाव्ह्यात झाली हे सांगायचे, तर तो खडक प्रत्यक्ष पाहिला पाहिजे आणि मराठवाड्यात तो शेकडो मीटर बेसाल्टाखाली झाकलेला आहे. वाशीच्या आग्नेयेस सु. १०० किमी.वरील किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपाने लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मोठी प्राणहानी झाली. त्याची कारणे शोधण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तेथे ६१७ मी. खोल वेधनछिद्र घेतले. सु. ३३८ मी. ट्रॅप व त्याखालील काही मीटर जाडीचा गाळाचा थर ओलांडल्यावर अतिप्राचीन रूपांतरित खडक लागला. कोयना परिसरात २०१७ मध्ये पूर्ण झालेले प्रायोगिक वेधनछिद्र ३,००० मी. खोल असून तेथे सु. सव्वा किमी. जाडीच्या बेसाल्टाखाली ग्रॅनाइट व ग्नाइस खडक मिळाले. ही कामे भूकंपविज्ञानासाठी हाती घेतलेली होती. पण ट्रॅपच्या पायाचा खडक हातात येण्याचा योग त्यांमुळे आला. ग्रॅनाइट व ग्नाइस हे झिर्कॉनाचे नेहमीचे घर होय. एखादा असा जुना कण वर चढणाऱ्या लाव्ह्यात सापडून न विरघळता राहिला, तर त्याचे वय ६·६ कोटी वर्षांऐवजी शेकडो कोटी वर्षे निघते, आणि तो परका असल्याचे त्यावरूनच ओळखू येते.